धौलीच्या शिळेपाशी भेटलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, मला ओडिया येत नाही. त्या दिवशी धौलीला, भुवनेश्वरजवळच्या अशोकाच्या शिलालेखापाशी, आपलं सगळं बोलणं हिंदीत झालं. तरी हे पत्र मी मराठीतच लिहिते आहे. तीनदा हिंदीत लिहायला बसले आणि तिन्ही वेळा ते सरकारी अर्जासारखं झालं. तुमच्या शेजारी कोणी मराठी माणूस असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. उघड लिहिते आहे, कारण तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा घेतला नाहीत. निदान चार माणसांना तुमच्याबद्दल कळू दे.

माझे बाबा म्हणजे ते पांढरा सदरा घातलेले, माझा दंड धरून चालणारे आजोबा. तुम्ही त्यांना 'मउसा' म्हणत होतात. ते छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. आम्ही नालासोपाऱ्याचे. तुम्हाला सांगितलं होतं की आमच्या गावातही अशोकाचा लेख सापडलाय, तेव्हा तुम्ही चटकन म्हणालात, "हां, सोपारा!" बाबांचा चेहरा तिथेच उजळला. आमच्याकडचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 साली मिळाला. अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा फुटका भाग आहे, आता मुंबईच्या संग्रहालयात असतो. बाबा दरवर्षी मुलांना बुरूड राजाच्या कोटावर न्यायचे, स्तूप दाखवायचे आणि सांगायचे, "हा तुकडा आहे. अख्खा दगड धौलीला आहे. एकदा जाणार मी." जाणं राहून गेलं. आधी आमची शिक्षणं, मग आईचं आजारपण, मग काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी दुसरा डोळाही गेला. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. पुस्तकांची दोन कपाटं त्यांनी एका रविवारी वाटून टाकली आणि त्यानंतर इतिहासाचं नाव घरात काढलं नाही.

म्हणून मी त्यांना घेऊन आले. नुसतं तिथे उभं राहिले तरी पुरे, असं वाटलं.

त्याच्या आदल्या दिवशी आम्ही धौलीला येऊन गेलो होतो, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. ज्यांच्याकडून सहल घेतली त्यांच्या पत्रकात 'धौली' ठळक अक्षरात होतं. बस थेट टेकडीवर गेली, 1972 मध्ये बांधलेल्या त्या पांढऱ्या शांतिस्तूपापाशी. वीस मिनिटं, फोटो, परत गाडीत. मी विचारलं, शिलालेख कुठे? तो खाली, पायथ्याशी. थांबता येणार नाही, पुढे जेवणाची वेळ ठरली आहे. मी हट्ट धरला तेव्हा सोबतच्या माणसाने बाबांच्या गॉगलकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन, पण बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, त्यांना दिसत नाही ना? मग काय फरक पडतो, दगडच तर आहे." बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवले नाहीत. त्या माणसाचा मला अजून राग येतो आणि तो मी लपवणार नाही. पैसे आमचे, वेळ आमची, आणि माझ्या बाबांना काय कळतं हे ठरवणार तो!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहल सोडली आणि भुवनेश्वरहून रिक्षा केली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते पुन्हा सांगायचं आहे.

मी बाबांना शिळेसमोर उभं केलं आणि जे दिसत होतं ते सांगायला लागले. वर खडकातून बाहेर येणारा हत्ती, नुसता पुढचा अर्धा. त्याच्याखाली घासून गुळगुळीत केलेला खडक, त्यावर रांगाच रांगा. पण अक्षरं मला थोडीच वाचता येत होती? "बारीक अक्षरं आहेत बाबा, खूप आहेत," एवढंच मी म्हणू शकले. बाबा मान हलवत राहिले. तुम्ही, त्या शिळेचे राखणदार, मागे उभे होतात. तुम्ही विचारलंत, मउसांना ब्राह्मी, ही दगडावरची लिपी, येते का? बाबा म्हणाले, "येत होती."

तेव्हा तुम्ही त्यांचा उजवा हात हातात घेतलात, तळवा उघडलात आणि तुमच्या बोटाने त्यावर लिहायला लागलात.

'दे' त्यांना कळला नाही. तुम्ही परत काढलात. मग 'वा', खाली गोल आणि त्याच्या डोक्यावर काठी, काठीला उजवीकडे छोटी रेघ. बाबांचे ओठ हलले. मग 'न', आडव्या रेघेवर उभी रेघ, आणि शेजारी बोटाच्या टोकाने टेकवलेला अनुस्वाराचा ठिपका. त्या ठिपक्याला बाबा मोठ्याने म्हणाले, "देवानं!" आणि पुढची अक्षरं तुम्ही काढायच्या आत त्यांनीच म्हणून टाकली, "पियस! देवानंपियस वचनेन!" म्हणजे देवांच्या लाडक्याच्या, अशोकाच्या, शब्दावरून. तुम्ही हसलात, पण थांबला नाहीत. 'पि' काढलात, होडीच्या नांगरासारखा 'य' काढलात, 'स' काढलात. मग म्हणालात, आता पुढे. "तोसलियं महामात..."

किती वेळ गेला मला माहीत नाही. शाळेची एक सहल आली, गोंधळ करून गेली. तुमची खुर्ची तुम्ही बाबांना दिलीत आणि स्वतः उकिडवे बसून त्यांच्या तळहातावर लिहीत राहिलात. नोकरीच्या वीस वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्या अभ्यासकांना विचारून विचारून तुम्ही ही लिपी शिकलात, हे नंतर बोलता बोलता कळलं. ते तुमच्या कामाच्या यादीत नव्हतं. दगड सांभाळायला सांगितला होता. त्यावर काय लिहिलंय हे समजून घ्या, असं कोणी सांगितलं नव्हतं.

बाबांचा एक जुना प्रश्न होता. आम्ही लहान असल्यापासून तो ऐकत आलोय. अशोकाने राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षी कलिंग जिंकला. दीड लाख माणसं धरून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट पुढे मेली, हे त्याने स्वतः तेराव्या शिलालेखात कबूल केलं. इतकंच नाही, तर त्याच्या शंभराव्या, हजाराव्या भागाइतकी माणसं जरी आज मेली तरी मला ते जड वाटेल, असंही म्हटलं. हा लेख गिरनारला आहे, कालसीला आहे, पार शाहबाजगढीला आहे. पण कलिंगात नाही. धौलीलाही नाही आणि जौगडालाही नाही. तिथे अकरावा, बारावा, तेरावा असे तिन्ही लेख गाळले आणि त्यांच्या जागी दोन वेगळे लेख कोरले. बाबा वर्गात म्हणायचे, "ज्यांचा अपराध केला त्यांच्यापासूनच कबुली लपवली. मुलांनो, याचा विचार करा." अशोक एका रात्रीत साधू झाला, हे त्यांना कधी पटलं नाही. त्याने कलिंग परत दिला नव्हता, हेही ते सांगायचे. पण ज्या राजाने आपली लाज दगडावर कोरली तसा दुसरा दाखवा, असंही तेच म्हणायचे.

तो प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारला. तुम्ही जरा वेळ दया नदीच्या दिशेने बघत होतात. मग म्हणालात, "मउसा, ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांना आकडा कशाला ऐकवायचा? त्यांना तो ठाऊक होता."

हे विद्वानांच्या कसोटीला उतरेल की नाही, मला माहीत नाही. बाबा चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या प्रश्नावर गप्प बसलेले मी पाहिले.

आणि मग तुम्ही त्या आकड्यांच्या जागी काय लिहिलंय ते ऐकवलंत. "सवे मुनिसे पजा ममा." सगळी माणसं माझी लेकरं. तोसली या कलिंगातल्या शहराच्या अधिकाऱ्यांना दिलेली ती ताकीद की कोणालाही विनाकारण कोंडू नका, छळू नका. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, घाई, सवय नसणं, आळस आणि थकवा यांच्यामुळे माणसाच्या हातून न्याय होत नाही, ते टाळा. मी तर हे पहिल्यांदाच ऐकत होते. घाई आणि थकवासुद्धा! राजाने क्रौर्याच्या रांगेत घाई बसवली होती. मला आदल्या दिवशीची वीस मिनिटं आठवली. तो माणूस दुष्ट नसेलही, त्याला घाई होती. आपल्याला आयुष्यात दुखावणारी बहुतेक माणसं अशीच तर असतात, खिडकीआडची, टेबलाआडची, घड्याळाकडे बघत बोलणारी. तुमच्याकडेही घड्याळ होतं, दादा. तुमचीही ड्यूटी होती. तुम्ही एकदाही मनगटाकडे पाहिलं नाहीत.

निघताना तुम्ही आणखी एक ओळ सांगितलीत आणि तिचा अर्थ बाबांनी मला रिक्षात समजावला. हा लेख तिष्य नक्षत्राला ऐकवावा, असं त्यात आहे. आणि मधल्या दिवसांतही, प्रसंग येईल तेव्हा, 'एकेन पि सोतविया', एकट्यानेही ऐकावा. बाबा म्हणाले, "बघ, 'सोतविया' लिहिलंय. ऐकावा. हा लेख डोळ्यांसाठी नव्हताच. लोकांना वाचता कुठे येत होतं तेव्हा? कोणीतरी वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. मी बरोबर तसाच ऐकला." असं म्हणून ते रडले. आई गेल्यावर रडले नव्हते.

ज्याने दगडच तर आहे म्हटलं, त्याला ही ओळ कोणीतरी ऐकवायला हवी.

घरी आल्यावरचं सांगते. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावायला सांगितला आणि दिलेली पुस्तकं परत मागितली. आधी संकोचले, पण मागितली. अकरा परत आली आहेत. मी रोज रात्री अर्धा तास वाचते. माझे उच्चार चुकतात, ते सुधारतात. सहाव्या लेखाच्या शेवटी 'सेतो' असा शब्द आहे, म्हणजे पांढरा, आणि तो वरच्या हत्तीबद्दल असावा, हे तुम्ही दाखवलं होतंत. ते आतापर्यंत त्यांनी आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना सांगून झालंय. आठव्या लेखात अशोक म्हणतो की त्याने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्या आणि त्यात वृद्धांना भेटणं होतं. तो आमच्या गावचा लेख. बाबा म्हणतात, आमच्या लेखातलं तुम्ही तुमच्या गावात पाळलंत.

कुरियरने एक खोका पाठवला आहे, तिकीटघराच्या पत्त्यावर. त्यात वसईची सुकेळी आहेत, म्हणजे वाळवलेली केळी. त्याला नाही म्हणू नका, ते पैसे नाहीत. पावसाळी हवेने ओलसर लागली तर थोडा वेळ उन्हात ठेवा. डब्याच्या झाकणाखाली एक कागद आहे, त्यावर बाबांनी स्वतः पट्टी धरून, अंदाजाने, ब्राह्मीत तुमचं नाव लिहिलंय. दोन अक्षरं एकमेकांवर चढली आहेत. मी दुसरा कागद देत होते, तर म्हणाले, राहू दे, त्यांना वाचता येईल.

तिष्य म्हणजे आपलं पुष्य. आता दर पुष्य नक्षत्राला तो लेख वाचायचा, असं बाबांनी ठरवलंय, कॅलेंडरवर माझ्याकडून खुणा करून घेतल्या आहेत. पुढच्या पुष्याला सकाळी नऊ वाजता तुम्हाला फोन करू. तुमच्याकडे गर्दी असेल तर उचलू नका, संध्याकाळी परत लावू. उचललात तर पहिली ओळ तुम्ही म्हणायची आहे, असं त्यांनी सांगून ठेवलंय.

तुमची,
मउसांची मुलगी