आप्पा, ती खालची फांदी

आप्पा, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, नातू वाचून दाखवील. आणि तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत हात झटकाल. समोर बोलले असते तर तेच झालं असतं, म्हणून इथं चारचौघांत लिहितेय.

काल सकाळी आईनं खुर्चीत बसूनच तुती तोडून खाल्ली. एक नाही, ओंजळभर. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

सासवडजवळच्या आमच्या तुकड्यात बाबांनी बांधावर ही तुती लावली, तेव्हा आजूबाजूचे अंजीर-सीताफळवाले हसले होते. बाबा म्हणायचे, "हसू नका, ही अंजिराचीच चुलत बहीण आहे." ते खरंही आहे. वड, फणस, अंजीर, तुती, सगळी एकाच कुळातली. पान तोडलं की तोच पांढरा चीक. पण अंजीर पेटीत बसून पुण्याला जातं, तुती कुठंच जात नाही. काळी होईपर्यंत थांबावं तर बोट लागताच फुटते, लाल असताना तोडावी तर आंबट. सकाळी काढलेली संध्याकाळपर्यंत पाणी सोडते. त्यामुळे ती खायची झाडाखालीच, तोंडात देठासकट. लहानपणी आमचे फ्रॉक फाल्गुन-चैत्रात जांभळेच असायचे. बोटांचे डाग काढायला आई कच्ची तुती चोळायला लावायची, आणि जी भांड्यात उरायची तिच्यात लिंबू पिळून मुरंबा.

बाबांनंतर तीन वर्षं झाडाला कोयता लागला नाही. ते वरवर गेलं, फळ शेंड्याला. बुलबुलांची चंगळ, आणि आमच्या वाट्याला ओट्यावरचा जांभळा चिखल. आईचे गुडघे असे की मान वर करून बघण्यापलीकडे काही नाही.

मग तज्ज्ञ आले. एका रोपवाटिकेच्या मालकानं लांबूनच सांगितलं, "नर झाड आहे, फळ धरणार नाही, काढून टाका." तुतीत नर झाडं असतात हे मलाही माहीत आहे, पण तो उभा होता तिथे त्याच्या बुटाखाली फळं चिरडत होती! दुसऱ्या सल्लागारानं फी घेऊन रंगीत अहवाल दिला. त्यात तुतीच्या जागी लॉन होतं. तिसऱ्यानं बुंध्याला मिठी मारून लाकडाचा अंदाज घेतला. आई तिथंच खुर्चीत बसली होती. तिच्याशी तिघांपैकी एकही बोलला नाही.

तुम्ही आलात शेजारच्यांकडे, वेगळ्याच कामाला. मी बांधावरून हाक मारली. तुम्ही झाडाचं पान चुरगाळून वास घेतलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "यावर औषध मारलंय का?" रेशीमवाल्याचा प्रश्न! फवारलेला पाला पोटात गेला तर रेशमाच्या अळ्या पटापट मरतात, हे तेव्हा तुमच्याकडून कळलं. तुमची तुती पाल्यासाठी, वर्षातून पाच-सहा वेळा कापली जाणारी. तिला फळ धरायला सवड कुठली. म्हणून मला वाटलं, हा माणूस आमचं झाडही खुंटापर्यंत आणणार.

पौषात तुम्ही छाटलंत. उंच सोट सगळे उतरवलेत. एक फांदी मात्र ओट्याच्या बाजूला पार खाली लोंबत होती, जाता-येता डोक्याला लागणारी. मी म्हटलं, ही राहिली. तुम्ही म्हणालात, "खरं तर हीच आधी जायला पाहिजे." मग आईकडे वळून, "वहिनी, जरा हात वर करा बघू." आईनं केला. बोटं फांदीला टेकली. तुम्ही कोयता खाली ठेवलात आणि म्हणालात, "मग ही वहिनींची."

बस, एवढंच. पण आप्पा, बाबा गेल्यापासून कुणी आईचा हात कुठवर पोचतो हे मोजलं नव्हतं. आम्ही मुलांनीसुद्धा नाही, हे लिहिताना लाज वाटते. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं देणं-बिणं असेल असं वाटायचं. तुम्ही तर काही दिलंच नाहीत, एक गोष्ट न कापता ठेवलीत.

पैसे घेतले नाहीत. जाड पाला शेळ्यांना म्हणून मोटारसायकलवर बांधलात, आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या, तीन-चार डोळ्यांच्या, मला पिशव्यांत लावायला लावल्यात. नऊ लावल्या, चार फुटल्या. एक थोरल्या बहिणीकडे कोथरूडच्या गच्चीत गेली आहे. उरलेल्यांतली एक तुमच्या दारात लावा, फळासाठी. तिला पाल्यासाठी कापायची नाही, ही अट आईची आहे.

सोबत मुरंब्याची बाटली पाठवली आहे. साखर थोडी जास्त झालीय, आईनं माझं ऐकलं नाही. बाटली रिकामी परत करू नका, ती रागावेल. तुमच्याकडचे रेशमाचे दोन कोष टाकलेत तरी चालेल, तिला ते हातात घेऊन बघायचे आहेत.

तुमची,
बांधापलीकडची