'सर, हात लागला होता'

नागपूर,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "रेफरीनं गोल दिला होता ना बे? मग पोट्ट्यानं तोंड उघडायची काय गरज होती?" घरात पाहुणे होते, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. तुझ्याशी या गोष्टीवर नीट भांडायचं आहे आणि ते पत्रातच जमेल.

आधी काय झालं ते ऐक, कारण तुला कोणीतरी अर्धंच सांगितलं आहे. कॉर्नर आला, गर्दीत बॉल आपल्या फॉरवर्डच्या दंडाला लागून खाली पडला आणि त्यानं तो जाळ्यात मारला. हात मुद्दाम लावलेला नव्हता. रेफरीच्या समोर पाच-सहा जण उभे होते, लाइन्समन पलीकडे, त्यामुळे कोणालाच काही दिसलं नाही. समोरची पोरं ओरडली, पण ती तर प्रत्येक थ्रोला ओरडत होती. गोल दिला गेला, आपली बेंच मैदानात घुसली. आणि हा पोरगा मिठ्या सोडवून रेफरीकडे गेला. "सर, हात लागला होता." किक-ऑफ अजून झाला नव्हता, त्यामुळे रेफरीला निर्णय फिरवता आला. एकदा खेळ सुरू झाला असता, तर नियमानं त्यालाही काही करता आलं नसतं. मॅच बरोबरीत सुटली आणि आपण पुढच्या फेरीत गेलो नाही.

"अपघातानं लागला तर त्यात काय," असंही तू म्हणालास. नियम तसा नाही रे. गोल करणाऱ्याच्याच हाताला बॉल लागला आणि लगेच त्यानं गोल केला, तर हात चुकून लागलेला असला तरी गोल रद्द होतो. पोराला नियमाचं हे कलम माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की जे घडलं ते रेफरीला दिसलेलं नाही.

आता तुझा खरा मुद्दा. खालच्या लीगमध्ये प्रामाणिकपणा परवडत नाही, तो मोठ्यांचा शौक आहे. बाळ्या, मला हे अगदी उलटं वाटतं. मोठ्या लीगमध्ये डझनावारी कॅमेरे असतात, व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला चूक सांगणारा असतो. तिथं खेळाडू खोटं बोलला तरी खरं बाहेर काढायची सोय आहे. आपल्याकडे काय आहे? शिट्टी घेऊन उन्हात धावणारा एक माणूस. कधी कधी रेषेवर झेंडा धरायला पुढच्या मॅचसाठी आलेल्या टीममधलाच कोणीतरी. त्या माणसानं विश्वास ठेवायचा तर तो खेळाडूंच्या शब्दावरच. तोही काढून घेतला तर त्याच्या हाती उरतं काय, फक्त कोण जास्त जोरात ओरडतो ते. मोहल्ल्यात खेळायचो तेव्हा तर रेफरीही नव्हता. चपलांच्या गोलपोस्टवरून बॉल आत गेला की वरून, हे आपणच ठरवायचो आणि दोनशे भांडणं होऊनही खेळ पुढं चालायचा. नव्वदच्या दशकात कोलंबियातल्या मेडेलिनमध्ये हिंसेनं पोखरलेल्या वस्त्यांत लोकांनी मुद्दाम असंच फुटबॉल सुरू केलं. नियम आधी बसून ठरवायचे आणि फाऊल झाला की खेळाडूंनीच मान्य करायचा.

मी भाबडा नाही, हे तुला माहीत आहे. बॉल कॉर्नरच्या झेंड्यापाशी नेऊन अंगाआड धरून ठेवणं, समोरचे भिंत लावायच्या आत फ्री किक मारणं, डावीकडे झुकून उजवीकडे निघणं, हे सगळं मी स्वतः शिकवतो. समोरच्याला फसवणं हाच तर खेळ आहे. पण रेफरीला फसवणं ही वेगळी गोष्ट आहे. मांडीला लागलं असताना तोंड धरून लोळायचं, आपल्या पायाला लागून बाहेर गेलेल्या बॉलवर हात वर करायचा. यात डाव नाही, कसब नाही, नुसती खोटी साक्ष आहे. गोलकीपरनं वेळ काढण्याबद्दल म्हणशील, तर 2025 पासून त्यानं आठ सेकंदांपेक्षा जास्त बॉल हातात धरला की समोरच्या टीमला थेट कॉर्नर मिळतो. म्हणजे नियम करणारेही या खोडीला कंटाळले आहेत.

बिएल्साचं आठवतं का तुला? लीड्स क्लबचा तेव्हाचा कोच, क्लब तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. जानेवारी 2019 मध्ये त्यानं डर्बी या दुसऱ्या क्लबच्या सरावावर नजर ठेवायला माणूस पाठवला. पकडला गेल्यावर "मीच पाठवला" म्हणाला आणि पत्रकारांना बोलावून आपली सगळी तयारी उघडून दाखवली. क्लबला दोन लाख पौंड दंड झाला, तो त्यानं स्वतःच्या खिशातून भरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध समोरचा खेळाडू जमिनीवर पडलेला असताना लीड्सनं गोल केला. बिएल्सानं आपल्या पोरांना बाजूला उभं राहायला सांगितलं आणि व्हिलाला गोल करू दिला. त्याचा स्वतःचा एक बॅक ऐकेना, तो अडवायला धावला. मॅच 1-1 सुटली, थेट वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्याची उरलीसुरली आशा संपली आणि पुढं प्ले-ऑफमध्ये, म्हणजे वर जाण्याच्या शेवटच्या संधीत, त्याच डर्बीनं त्यांना हरवलं. मला हा माणूस संत वाटत नाही. सरावावर हेरगिरी मला अजिबात पटत नाही. पण इतकं पणाला लागलेलं असताना त्यानं जे केलं, त्यापुढं "परवडत नाही" हे आपलं कारण मला फार तोकडं वाटतं.

आणि 11 जून 2024 ची रात्र विसरलास का? दोहाला वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत कतारविरुद्ध आपला भारत छांगटेच्या गोलवर पुढं होता. बॉल रेषेबाहेर गेलेला, त्यांनी तो ओढून आत घेतला, गोल मारला आणि तो दिला गेला. 2-1 नं हरलो, वर्ल्ड कपची वाट बंद झाली. तू रात्री मला फोन केलास आणि किती वेळ बोलत होतास, "एकानं तरी सांगायला पाहिजे होतं ना बे की बॉल बाहेर होता!" बरोबर बोललास. आपल्या पोरानं त्या दिवशी तेच केलं. दोहाला लावलेलं माप नागपुरात बदलू नकोस.

पोराच्या बापाचा राग मला समजतो. पुढं गेलो असतो तर सर्टिफिकेट मिळालं असतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला ग्रेसचे मार्क आहेत. गरीब घरात त्या कागदाची किंमत काय असते ते आपण दोघांनी पाहिलं आहे. पण याच कागदापायी जन्मदाखले बदलले जातात, मिशा फुटलेली पोरं लहान गटात उतरवली जातात. ते इतकं झालं की फुटबॉल फेडरेशनला मनगटाचे एक्स-रे काढून वय तपासावं लागतं. ज्या पोराचं खरंच वय बसतं, त्याची जागा जाते आणि त्याला ते कळतही नाही. रेफरीसमोर गप्प बसायला शिकलेला पोरगा उद्या या कागदावरही गप्पच बसेल, याची मला भीती वाटते.

कमिटीत एकानं सुचवलं आहे की पुढच्या मॅचला याला "आराम" द्यावा. मी सांगून टाकलं, तो पहिल्या अकरात खेळेल आणि पटत नसेल तर कोच बदला. बुधवारी बैठक आहे. काय होईल माहीत नाही, दोन जण माझ्या बाजूनं आहेत, बाकीचे गप्प.

तू दिवाळीत येतोच आहेस. एक दिवस मैदानावर ये. कामठीची एक टीम सरावाच्या मॅचला यायचं म्हणते आहे आणि तिथले म्हातारे प्रेक्षक तर तुला माहीतच आहेत, पास चुकला तरी नावानिशी हाक मारतात. पोरांशी बोल. तुझं म्हणणंही त्यांच्यासमोर मांड, मी मध्ये तोंड घालणार नाही. फक्त त्या पोराशी बोलताना आवाज चढवू नकोस, घरी त्यानं पुरेसं ऐकलं आहे. आणि जुने शिन-गार्ड कुठं पडले असतील तर घेऊन ये, इथं तिघांकडे नाहीत.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. उत्तर लिही, फोनवर भागवू नकोस.

तुझा,
विन्या