गडावर काय चालेल ते लिहून लावा, साहेब

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
जय शिवराय.

साहेब, मुलगी स्कॉटलंडला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा एडिंबराचा किल्ला पाहिला. उभ्या कातळावरचा जुना किल्ला, आणि तिथे चक्क लग्नं लागतात! ऐकून पोटात गोळाच आला, कारण २०१९ला आपल्याकडे गड हॉटेल-लग्नांना देणार म्हणून जो गदारोळ झाला तो अजून डोक्यात आहे.

पण तिथे लग्न लागतं ते सेंट मार्गारेटच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, बाराव्या शतकातली एवढीशी दगडी खोली, आतल्या कमानीवर नागमोडी नक्षी, आणि पाहुणे मावतात जेमतेम पंचवीस, मग पंचवीसच बोलवायचे. मधल्या काळात या चॅपेलचं दारूकोठार झालं होतं, १८४५च्या सुमारास ते पुन्हा ओळखलं गेलं आणि आता तिथे ताजी फुलं ठेवायचं काम मार्गारेट नावाच्याच बायका पाळीपाळीने करतात, मला हे फार म्हणजे फार आवडलं. मोठा दणदणाट, म्हणजे ऑगस्टमधला तो लष्करी बँडचा ‘टॅटू’ नावाचा सोहळा, दरवाजाबाहेरच्या पटांगणावर. १९५०पासून चालू आहे, हजारो लोक बसतील एवढे स्टँड उभारतात आणि नंतर उतरवून टाकतात. बँड तेवढा किल्ल्याच्या दरवाजातून वाजत बाहेर येतो.

मराठ्यांचे १२ किल्ले २०२५ला युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्याच पुरातत्त्व खात्याकडे आहेत. केंद्राच्या स्मारकांत परवानगीशिवाय सभा, पार्टी, करमणूक नाही हा नियम १९५९पासून आहे, पण गडावर आलेल्या माणसाला तो कोण सांगणार? ३१ डिसेंबरला बाटल्या वर जाऊ नयेत म्हणून दुर्गसंस्थांची पोरं थंडीत रात्रभर पहारा देतात, पदरचे पैसे घालून. हे काम सरकारचं आहे साहेब.

मी कार्यक्रमांच्या विरोधात नाही. राजगडाचंच घ्या, पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे, तिथे मांडव, स्पीकर, लग्न-वाढदिवस काही म्हणजे काही नको. पण पोवाडा, व्याख्यान, मर्दानी खेळ खाली गुंजवण्यात घ्या की, गड समोर दिसतोच आणि गावातल्या बायकांच्या पिठलं-भाकरीलाही गिऱ्हाईक मिळेल. वर एका वेळी किती माणसं, स्पीकर कुठपर्यंत, परवानगी कोण देणार आणि जमलेल्या पैशातला किती त्याच गडाच्या डागडुजीला जाणार, हे या चार गडांपुरतं तरी मराठीत लिहून पायथ्याला बोर्ड लावा, पुढच्या ३१ डिसेंबरच्या आत.

आपला,
एक गडप्रेमी