निवडताना कंजूष, लावताना सढळ

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

पोकरमध्ये छोट्या ब्लाइंडच्या टेबलांवर (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा, एक लहान आणि एक मोठी) टाइट खेळू की ॲग्रेसिव्ह, यातलं एक निवडून सांग, असं तू लिहिलं आहेस. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीतच. किती हातांत उतरायचं हा एक निर्णय, आणि उतरल्यावर चिप्स कशा लावायच्या हा दुसरा. मोजके हात खेळणारा टाइट, मिळतील ते पत्ते घेऊन उतरणारा लूज. स्वतःहून बेट (पैज लावणं) आणि रेज (आधीची बेट वाढवणं) करणारा ॲग्रेसिव्ह, चेक (काही न लावता पाळी पुढे देणं) आणि कॉल (समोरच्याइतकंच लावणं) करत मागून येणारा पॅसिव्ह. म्हणजे टाइट आणि ॲग्रेसिव्ह एकाच वेळी असता येतं, आणि छोट्या टेबलांवर तू तसंच खेळावंस असं माझं ठाम मत आहे. अडचण एवढीच आहे की तू ॲग्रेसिव्ह म्हणजे ब्लफ, हातात काही नसताना लावून समोरच्याला पळवणं, असं धरून चालली आहेस. तू पाठवलेल्या डावांच्या यादीतल्या दोन डावांत मला तेच दिसलं.

आधी एक्का-राजाचा डाव घेऊ. सगळे आकडे मी मोठ्या ब्लाइंडच्या पटीत लिहिते. तू 3 चा रेज केलास, तिघांनी कॉल केलं, पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, ब्लाइंड धरून साडेबाराचा झाला. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, नव्वी, अठ्ठी, चौकी. तुझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं, तरी तू 8 लावलेस आणि दोघं आले. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, दुर्री, तू 24 लावलेस, एक जण उरला. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, राणी पडली आणि तू राहिलेले सगळे 65 पुढे सरकवलेस. समोरच्याने नव्वीच्या जोडीवर कॉल केलं आणि तुझे शंभर ब्लाइंड गेले. खाली तू लिहिलंस की बोर्डावर (उघड्या पत्त्यांत) राणी असताना असा कॉल कोणी करतं का.

करतात, बाळा. या टेबलांवर तेच करतात. लोक इथे पत्ते टाकायला (डाव सोडायला) येत नाहीत, बघायला येतात. तुझं प्रत्येक पाऊल वेगळं काढून हिशेब कर. फ्लॉपवर साडेबाराच्या पॉटमध्ये 8 लावून निव्वळ ब्लफ म्हणून फायदा व्हायचा तर शंभरातल्या 39 वेळा तरी तिघांनीही पत्ते टाकायला हवेत. तिघं एकदम टाकणार म्हणजे प्रत्येकाने शंभरातल्या 73 वेळा टाकायला हवेत. एक्का किंवा राजा पुढे लागण्याची आशा धरली तर हा आकडा थोडा खाली येतो, पण नव्वी-अठ्ठीच्या बोर्डावर असा टेबलभर शरणागतीचा प्रकार होत नाही. कुणाकडे जोडी असते, कुणाकडे सरळ ओळीची (सलग पाच पत्त्यांची) आशा असते, आणि कुणी नुसता उत्सुकतेपोटी थांबतो. रिव्हरला साडेचौऱ्याऐंशीच्या पॉटमध्ये 65 लावलेस, तिथे शंभरातल्या 43-44 वेळा त्याने पळून जायला हवं होतं. जो माणूस 8 देऊन आला, मग 24 देऊन आला, तो एवढ्या वेळा पळेल असं त्याच्या वागण्यात तुला काय दिसलं? तिघं समोर असताना फ्लॉप चुकल्यावर चेक करायचं, समोरून बेट आली की पत्ते टाकायचे. 3 ब्लाइंडवर सुटका होते.

आता सत्तीच्या जोडीचा डाव. जोडी हातात असताना फ्लॉपवर त्याच आकड्याचा तिसरा पत्ता लागणं साडेआठ वेळांत एकदा होतं, आणि तुला ते झालं. राजा, सत्ती, पंजी. एकच माणूस समोर, पॉट साडेसहाचा. तू फ्लॉपला चेक केलंस, टर्नला चेक केलंस, त्याला फसवते आहे असं मनात धरून. रिव्हरला 6 लावलेस, त्याने राजा दाखवत कॉल केलं. तू जिंकलीस म्हणून हा डाव चांगल्यांत लिहिलास. मला मात्र एक्का-राजाच्या डावापेक्षा हाच जास्त टोचला.

त्याच्याकडे राजाची जोडी होती. तो कुठेही जाणार नव्हता. फ्लॉपला 4 लावले असतेस तर पॉट साडेचौदाचा झाला असता. टर्नला 10 लावले असतेस तर साडेचौतीसचा, आणि रिव्हरला 23. प्रत्येक वेळी पॉटच्या साधारण दोन तृतीयांश, त्यात काही अचाट नाही. त्याच्या खिशातून 37 आले असते, तू 6 घेतलेस. फ्लॉपवर चुकवलेली बेट रिव्हरला भरून काढता येत नाही, कारण पॉटच लहान राहतो आणि लहान पॉटमध्ये मोठी बेट कुणाला पटत नाही.

छोट्या टेबलांवर मला तुझ्याकडून हीच आक्रमकता हवी आहे. हात चांगला असला की लाव, पुन्हा लाव, आणि कॉल करणाऱ्याला किंमत मोजू दे. फ्लशसाठी (एकाच चिन्हाचे, म्हणजे सगळे बदाम वगैरे, पाच पत्ते) एक पत्ता कमी असलेल्याला पुढच्या एका पत्त्यावर तो मिळण्याची शक्यता 19 टक्के असते. तू पॉटच्या निम्मी बेट केलीस तरी त्याचा कॉल परवडायला 25 टक्के लागतात. तो कॉल करेलच, आणि प्रत्येक वेळी तोट्यात करेल. चेक केलंस की तोच पत्ता तू त्याला फुकट दिलास. तुझ्याच हातात फ्लशची आशा असेल तेव्हाची बेट मी ब्लफमध्ये धरत नाही, कारण कॉल झालं तरी फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत 35 टक्के वेळा फ्लश लागतो. तिथे एक-दोघंच समोर असतील तर खुशाल लाव. पण हातात काहीच नसताना आणि पुढे काही लागण्याची आशाही नसताना, ज्याला पत्ते टाकणं माहीत नाही अशा माणसापुढे ब्लफ करू नकोस.

टाइट का, हे तुला पटलेलं आहे असं वाटतं, म्हणून थोडक्यात लिहिते. दोन पत्त्यांचे 1326 प्रकार होतात, त्यांत सगळ्या जोड्या मिळून 78 आणि एक्का-राजा फक्त 16. चांगलं येतं ते थोडंच. एक्क्यांची जोडीसुद्धा एका अनोळखी हातापुढे 85 टक्के जिंकते, चौघांपुढे 56 टक्क्यांवर येते. हातात काही चांगलं आलं की लिंप करून, म्हणजे रेज न करता नुसता मोठा ब्लाइंड भरून, स्वस्तात सगळ्यांना आत घ्यायचं नाही, रेज करायचा, आणि आधी कुणी लिंप केलं असेल तर प्रत्येकामागे एक ब्लाइंड वाढवायचा, ते याचसाठी. शिवाय रेक, म्हणजे टेबल चालवणारा पॉटमधून कापतो ती रक्कम, आहेच. छोट्या टेबलावर पॉटच्या मानाने तो मोठा असतो, आणि जो प्रत्येक डावात फ्लॉप बघतो तो सर्वांत जास्त भरतो.

मात्र टाइट म्हणजे दडून बसणं नाही. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. नऊ जणांच्या टेबलावर तेवढ्या वेळात नुसत्या ब्लाइंडपोटी जवळजवळ 37 मोठे ब्लाइंड जातात. म्हणून जागा, म्हणजे तुझी बोलायची पाळी कितवी येते ते, बघून सैल हो. पहिल्या जागेवरून बोलताना जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी एवढ्यांवरच भर दे, लहान जोड्यासुद्धा सोडल्या तरी चालतील. बटनवर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर, असताना मात्र एकाच चिन्हाची दहिली-नव्वीही घेऊन उतर, कारण फ्लॉप, टर्न, रिव्हर तिन्ही वेळा तू सगळ्यात शेवटी बोलणार असतेस. समोरच्यांनी काय केलं ते बघून ठरवता येणं, ही पोकरमधली सर्वांत मोठी सवलत आहे असं मी मानते. तुझ्या यादीत तू प्रत्येक हात लिहिला आहेस, पण कुठल्या जागेवरून खेळलीस ते एकदाही लिहिलेलं नाहीस. हे मला काळजीचं वाटलं.

तू पोकरपटू डॉइल ब्रन्सनचं नाव काढलंस. 1976 आणि 1977, लागोपाठ दोन वर्षं त्यांनी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात हातात दहिली-दुर्री असा कमजोर हात होता, हे खरंच आहे. मलाही तो माणूस फार मोठा वाटतो. पण शेवटच्या त्या डावात समोर एकच जण उरला होता. एकास एक खेळताना बहुतेक हात खेळावेच लागतात, ब्लाइंड दुसरा इलाजच ठेवत नाहीत. आणि दबाव त्याच्यावरच चालतो ज्याला दबाव कळतो. तुझ्या टेबलावरचा नव्वीवाला तुझी बेट ऐकतच नव्हता, तो स्वतःची जोडी बघत होता.

माणसं ओळखायला शीक. रात्रभर चेक आणि कॉल करणारा माणूस रिव्हरला अचानक रेज करतो, तेव्हा तुझी वरची जोडी (बोर्डावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जुळलेली) हरलेली असते. तिथे उगाच अभिमान नको, टाकून दे. उलट जो प्रत्येक डावात रेज करतो त्याच्या डाव्या हाताची खुर्ची धर, म्हणजे तो तुझ्याआधी बोलेल. त्याच्याशी बेटांची स्पर्धा करायची नाही. चांगला हात येईपर्यंत थांबायचं, आला की त्यालाच लावू द्यायचं आणि कॉल करत राहायचं. चांगल्या हाताने मी तुला चेक-कॉल करायला सांगेन असा माणूस एवढाच.

पैशांबद्दल एकदाच लिहिते. खेळाचे पैसे घरखर्चापासून वेगळे असू देत, आणि ज्या टेबलावर बसतेस तिथल्या निदान वीस-तीस बाय-इनइतके (बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना चिप्ससाठी द्यायची रक्कम) असू देत. बरोबर खेळूनही आठवडेच्या आठवडे हरता येतं, त्याला हाच आधार. कर्ज काढून एकही चिप घ्यायची नाही. आणि एक्का-राजासारखा डाव हरल्यावर पुढचा डाव वाटायच्या आत उठायचं. त्या रात्री तू उठली नाहीस, हे मला तुझ्या यादीतल्या पुढच्या डावांवरून कळलं. त्यानंतर तू जवळजवळ प्रत्येक डावात उतरली आहेस. हरलेल्या चिप्सपेक्षा मला त्याची जास्त धास्ती वाटते. हरण्याचा राग तुला लहानपणापासून फार येतो, म्हणून जीव तुटतो.

राण्यांच्या जोडीच्या डावात टर्नला टाकायला हवं होतं का, असं विचारलं आहेस. त्याचं उत्तर आत्ता देता येत नाही. बटनवाल्याकडे मागे किती चिप्स उरल्या होत्या आणि फ्लॉपआधी रेज कोणी केला होता, हे दोन्ही लिहायचं राहिलं आहे. आठवेल तेवढं कळव. आणि यापुढे डाव लिहिताना आधी जागा लिही, मग पत्ते.

तुझी,
आई