ताप उतरला, तरी रक्त तपासून घे

सातारा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेल्या घोडीचं कौतुक वाचून आनंद झाला, पण मधल्या दोन ओळींनी काळजीत टाकलं. "मध्यंतरी ताप होता, गावातल्या एकानं सुई दिली, आता चंदी खाते, यंदा घोड्याकडून भरवायचा विचार आहे," असं तू सहज लिहून गेलास. अरे, तिला भरवायच्या आधी रक्त तपासून घे. एवढ्यासाठीच आज लिहायला बसलोय.

गाईम्हशींचा गोचीड ताप तुमच्याकडे घरोघरी ठाऊक आहे. घोड्यालाही गोचिडीपासून असाच रक्ताचा आजार होतो, हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या घोडी ठेवणाऱ्यांच्याही ध्यानात नसतं. थायलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबली हे दोन परजीवी त्याला कारण. गाईच्या थायलेरियाची जात वेगळी, तो घोड्याला लागत नाही. पण हायलोमा जातीची गोचीड दोघांचंही रक्त पिते आणि दोन्ही रोग वाहते. तुझी घोडी म्हशींच्याच छपराखाली बांधतोस ना? मग गोचिडीला वेगळा रस्ता शोधावा लागत नाही.

बाधित गोचीड चावली की ताप चढायला साधारण दोन-तीन आठवडे जातात. म्हणून बाजारात धडधाकट दिसलेली घोडी मिरजेत येऊन आजारी पडते आणि लोक पाणी बदललं, हवा मानवली नाही, नजर लागली म्हणत बसतात.

पाचगणीला टेबल लँडवर फिरवली जाणारी एक घोडी मी पाहिली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. ताप १०४ च्या वर, मान खाली, हरभऱ्याला तोंड लावेना. पापणी उलटून पाहिली तर लाली नावाला नाही, सगळं पांढुरकं, त्यावर पिवळी झाक आणि कडेला रक्ताचे बारीक ठिपके. मागचे पाय सुजलेले. लघवी केली ती कोऱ्या चहासारखी गडद. कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त काचेवर पसरून रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा तांबड्या पेशीच्या आत चार नाजूक जीव टोकाला टोक लावून फुलीच्या आकारात बसलेले दिसले. ती थायलेरियाची खूण. हा परजीवी आधी पांढऱ्या पेशीत वाढतो, मग तांबड्या पेशीत शिरतो, तिथं संख्या वाढवतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. लघवीला येणारा रंग त्या फुटलेल्या पेशींचाच. कावीळ, धाप, अशक्तपणा हे सगळं त्यातूनच येतं.

आता तुझ्या घोडीचं. ताप उतरला म्हणजे रोग गेला असं यात धरता येत नाही. बबेसिया काही वर्षांनी रक्तातून जाऊ शकतो, थायलेरिया बहुतेक वेळा जन्मभर राहतो. घोडी खाते, पळते, वरातीत नाचते आणि तिच्या रक्तात तो थोड्या प्रमाणात टिकून असतो. तिच्यावरची गोचीड दुसऱ्या घोड्यावर गेली की तोही अडकतो. तोच धोका सुईचा. एका घोड्याला टोचलेली सुई तशीच दुसऱ्याला टोचणं म्हणजे रोग हातानं देणं. आणि मला सगळ्यात जास्त भीती गाभण घोडीची वाटते. थायलेरिया पोटातल्या शिंगरापर्यंत पोचतो. कधी घोडी गाभडते, कधी शिंगरू जन्मतःच मलूल आणि पिवळं निघतं. अकरा महिने वाट पाहून असं शिंगरू हाती यावं, हे तुझ्या वाट्याला नको.

नुसती काच तपासून थांबू नकोस. ताप असताना काचेवर परजीवी सापडतात. ताप गेल्यावर ते इतके विरळ होतात की काच कोरी दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. एलायझा करायला सांग, म्हणजे रोगाविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधणारी चाचणी. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र घोड्यांच्याच रोगांवर काम करतं आणि या रोगासाठीची एलायझा त्यांनी विकसित केली आहे. जवळ म्हणशील तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांना नमुना कुठं आणि कसा पाठवायचा ते विचार. त्याच रक्तात सर्रा हा दुसरा रोगही बघायला सांग. तो चावणाऱ्या माश्यांमुळे होतो, पण ताप आणि अशक्तपणा दोन्हींत सारखाच दिसतो.

रोग निघाला तर घाबरू नकोस, आपल्या देशात असे कितीतरी घोडे रोग अंगात घेऊन नीट काम करतात. औषध इमिडोकार्ब. बबेसियावर ते चांगलं चालतं, थायलेरियाला दाबतं, पण मुळासकट काढेलच याची हमी नाही. वजन बघूनच मात्रा ठरवावी लागते. टोचल्यावर लाळ गळते, पोट दुखतं, म्हणून डॉक्टर समोर थांबलेच पाहिजेत. पुन्हा कुणाच्या पिशवीतली सुई नको.

आणखी एक, आणि हे वहिनींनाही वाचून दाखव, कारण गोठ्याचं त्याच बघतात. म्हशींवर गोचिडीसाठी फवारायचं अमिट्राझ घोडीला चुकूनही लावू नका. म्हशीला ते चालतं. घोड्याचं आतडं मात्र त्यानं मंदावतं, लीद अडकते आणि पोटशूळ उठून जनावराच्या जिवावर बेततं. घोड्याला चालणारं औषध डॉक्टरांकडूनच घ्या. रोज खरारा करताना कानाच्या आत, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली आणि कासेजवळ बोटं फिरव. गोचीड सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढ, चिरडू नकोस. गोठ्याच्या भिंतीतल्या भेगा बुजव, गोचीड तिथंच हजारोंनी अंडी घालते. जमलं तर घोडीला म्हशींपासून वेगळं बांध.

पुढच्या आठवड्यात मी मिरजेला येतोय. वजनाचा अंदाज घ्यायला टेप आणतो, रक्त काढायचं तेव्हा मी हजर राहीन. तोवर सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहून ठेव. १०२ च्या वर गेला तर माझी वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांना बोलाव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच मित्र