टीव्ही अडकतोय तर आधी मधली वाट तपास

प्रिय मित्रा,

परवाचा तुझा मेसेज वाचला आणि फोनवर सांगून भागणार नाही म्हणून निवांत लिहायलाच बसलो. तू लिहिलंयस की हॉलमधल्या सर्व्हरवरून (अँटेनाचे चॅनल घरातल्या नेटवर्कवर पाठवणाऱ्या कॉम्प्युटरवरून) आतल्या खोलीत चॅनल लागतात, पण दर दोन-तीन मिनिटांनी चित्र अडकतं आणि कोडीतली, म्हणजे टीव्हीवर चॅनल दाखवणाऱ्या अॅपमधली, एकही सेटिंग तू हात लावायची बाकी ठेवलेली नाहीस. अरे, माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. बातम्या सांगणारी बाई तोंड उघडून तशीच थांबायची, आवाज पुढे निघून जायचा, आणि आई माझ्याकडे बघायची. तीन संध्याकाळी मी त्या क्लायंटमध्ये, म्हणजे टीव्हीकडच्या कोडीत, घालवल्या, आणि दोष क्लायंटचा नव्हताच, म्हणून तुझ्या तरी संध्याकाळी वाचाव्यात असं मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधी समजून घे, ती कळली की बाकीचं सगळं सोपं होतं. आपण सेव्ह केलेला सिनेमा लावतो तेव्हा प्लेअर पुढचा भाग आधीच ओढून ठेवतो, त्यामुळे वायफाय दहा सेकंद झोपलं तरी आपल्याला पत्ताही लागत नाही. लाइव्ह टीव्हीत पुढचं असं काही नसतंच, जे अजून प्रसारितच झालेलं नाही ते कुठून ओढणार? म्हणून कॅशे (आधी ओढून ठेवायची जागा) वाढवून फारसा फरक पडत नाही, आणि "पण सिनेमा तर मस्त चालतो" यावरून नेटवर्क चांगलं आहे असं ठरवू नकोस. मी नेमकं तेच ठरवून बसलो होतो.

तेव्हा आज एवढंच कर. लॅपटॉप घे, राउटरला लॅन केबलने जोड आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये तोच चॅनल उघड. टीव्हीहेडएंडच्या (सर्व्हरवरून चॅनल पाठवणारा प्रोग्राम तो हाच) ९९८१ पोर्टवर /playlist/channels ऐवजी काही वेगळं शोधत बसू नकोस, त्याच पत्त्यावर सगळ्या चॅनलची प्लेलिस्ट मिळते, युजरनेम पासवर्ड विचारेल तो दे. अर्धा तास चालू ठेव. तिथे स्वच्छ चाललं तर तुझा वायफाय दोषी, तिथेही अडकलं तर सर्व्हर किंवा त्याच्याही मागची अँटेनाची वायर.

मागचा दोष ओळखायला सर्व्हरच्या वेब पेजवर स्टेटसमध्ये स्ट्रीमचा टॅब आहे, त्यात कंटिन्युइटी एरर्सचा, म्हणजे मधेच तुटलेल्या प्रवाहाचा, आकडा बघ. डिजिटल टीव्हीचा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पॅकेटांमधून येतो आणि प्रत्येक पॅकेटवर ० ते १५ असा फिरता नंबर असतो, मधला नंबर गायब झाला की पॅकेट हरवलं. हा आकडा तिथेच वाढत असेल तर माल घरात येतानाच फुटका आहे, मग क्लायंटमध्ये काहीही कर, उपयोग नाही. अँटेनाच्या वायरचा कनेक्टर काढून नीट घट्ट लाव, मधला स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा) काढून बघ.

माझ्याकडे तो आकडा शून्यावरच होता. दोष वायफायचा निघाला. एचडी चॅनलला साधारण १० ते १५ मेगाबिट लागतात, ऐकायला काहीच नाही, पण ते सेकंदामागून सेकंद न चुकता लागतात, आणि दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झला तेच जमत नव्हतं. केबल टाकली, त्या दिवसापासून आईची तक्रार नाही. केबल शक्यच नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर जा. आणि मल्टिकास्टने (एकच प्रवाह सगळ्या टीव्हींना एकदम) पाठवत असशील तर वायफायवर ते बंदच कर, त्यात हरवलेलं पॅकेट वायफाय परत पाठवत नाही आणि बहुतेक राउटर ते सगळ्यात कमी वेगाने सोडतात.

आता क्लायंट, नव्याने लावणार असशील तर. सर्व्हरचा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून टाक, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाल्यावर एक दिवस अचानक "कनेक्शन लॉस्ट" येतं आणि आपण पासवर्ड तपासत बसतो. टीव्हीसाठी वेगळा युजर कर, अॅडमिनचा देऊ नकोस. इथे बऱ्याच जणांचं अडतं कारण टीव्हीहेडएंडमध्ये अॅक्सेस एंट्री (कोणाला काय करता येईल त्याची नोंद) एका टॅबमध्ये आणि पासवर्ड दुसऱ्याच टॅबमध्ये असतो, दोन्हीकडे नाव अक्षरशः सारखंच हवं आणि स्ट्रीमिंगची खूण केलेली हवी. मग कोडीत टीव्हीहेडएंडशी बोलणाऱ्या एचटीएसपी क्लायंट अॅड-ऑनमध्ये आयपी टाक, ९९८१ आणि ९९८२ हे दोन्ही पोर्ट तसेच राहू दे, सर्व्हरवर फायरवॉल असेल तर तिथे दोन्ही उघड. राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटला मात्र हे पोर्ट कधीच उघडू नकोस, प्रवासात बघायचंच असेल तर व्हीपीएन लाव.

गाइड (कार्यक्रमांचं वेळापत्रक) काही तास पुढेमागे दिसत असेल तर टीव्हीजवळच्या कोडीच्या बॉक्सचा टाइमझोन बघ, प्रसारणातल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, येतात. "नो फ्री अडॅप्टर" दिसलं तर घाबरू नकोस, एक ट्यूनर (अँटेनाचा सिग्नल पकडणारं कार्ड) एका वेळी एकच मक्स, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवरून येणारा चॅनलांचा गठ्ठा, पकडतो, त्या मक्सवरचे चार चॅनल चार टीव्हींना एकदम देईल, पण पाचवा दुसऱ्या मक्सवरचा असला की नाही म्हणेल.

आणि अडकणं थांबल्यावर खालच्या पट्टीतल्या बातम्या बघ, त्या पळत्या अक्षरांकडे. त्या गुळगुळीत न सरकता हिसके देत असतील तर ते नेटवर्क नाही, टीव्ही ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा चित्र) आणि प्रसारण ५० वर अशी गाठ पडलीय. कोडीच्या प्लेअरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये हा वेग, म्हणजे रिफ्रेश रेट, जुळवायचा पर्याय "स्टार्ट अँड स्टॉप"वर ठेव. पळणाऱ्या खेळाडूच्या पायांवर कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस (एकाआड एक रेघांची दोन अर्धी चित्रं जोडणं) बंद आहे, चॅनल चालू असतानाच चालू कर आणि सगळ्या व्हिडिओंसाठी डिफॉल्ट म्हणून सेव्ह कर.

पण हे नंतर. आज लॅपटॉप आणि केबल. अर्ध्या तासाने तो कंटिन्युइटीचा आकडा मला पाठव, रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागा आहे.

तुझाच,
मित्र