बिल नसतानाही माझं ऐकून घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

दुरुस्ती केंद्राच्या काउंटरवर तुमच्यासमोर दिवसभरात किती माणसं येऊन बसत असतील, त्यात मी तुम्हाला आठवत असेन की नाही कोण जाणे. माझ्या लॅपटॉपचा दिवा लागायचा, पंखा फिरायचा आणि स्क्रीन मात्र काळी ती काळीच. आणि माझ्याकडे बिल नव्हतं. एवढ्यावरून कदाचित आठवेल. लॅपटॉप आता पुन्हा माझ्या टेबलावर सुरू आहे. अडकलेली कामं डोक्यावर आहेत, तरी आधी हे पत्र लिहायला घेतलं, कारण तो दिवस आठवला की अजूनही भरून येतं.

तुमच्याकडे पोचेपर्यंत मी पार खचले होते. मशीन बिघडलं याचा त्रास होताच, पण आपण खोटं बोलतोय असं समोरच्याने आधीच धरून चालावं, हे फार लागतं मनाला. ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला ते मधल्या काळात बंद झालं. बाकी जिथे जिथे गेले तिथे माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "बिल?" एवढाच शब्द कानावर यायचा. बिल मी जपून ठेवलं होतं हो, वॉरंटी कार्डासोबत, प्लास्टिकच्या पाकिटात. पण ते त्या गुळगुळीत कागदावरचं. त्यावर शाई नसतेच. कागदावरचा थर छपाईच्या उष्णतेने काळा पडतो आणि अक्षरं उमटतात, आणि ऊन, उकाडा, प्लास्टिकचा संपर्क यांनी तीच अक्षरं उडून जातात. म्हणजे ज्या पाकिटात जपलं त्या पाकिटानेच ते खाल्लं. माझ्या हातात उरला कोरा कागद, वरच्या कोपऱ्यात दुकानाच्या नावाची जेमतेम सावली. वॉरंटी ३ वर्षांची द्यायची आणि तिचा पुरावा असल्या कागदावर छापायचा, याचा मला आजही संताप येतो.

तो कागद पुढे केला की काउंटरवरचा माणूस उलटसुलट करून बघायचा, माझ्याकडे सरकवायचा आणि माझ्या मागे उभ्या असलेल्याला "बोला" म्हणायचा. बँकेच्या उताऱ्यात पैसे गेल्याची नोंद होती. "ते चालत नाही." एकाने मशीन न उघडताच "पाणी गेलं असणार" असा निकाल देऊन टाकला. आणखी एका ठिकाणी सांगितलं, बिल नाही तर राहू द्या, पैसे भरणार असाल तर आत्ता ठेवून जा. पैसे मोजायचे तर मशीन माझंच होतं, कुणी काही विचारत नव्हतं. वॉरंटीचं नाव काढलं की ते कुणाचं, कुठून आणलं, याची चौकशी सुरू.

आणि मग तुम्ही. तुम्ही आधी विचारलंत, "काय होतंय?" मी बोलत होते तोवर तुम्ही मध्ये बोलला नाहीत, की फोन उचलला नाहीत. मग म्हणालात, "झाकण मागेपुढे केलं की चित्र यायचं-जायचं का, बंद पडायच्या आधी?" यायचं! कित्येक दिवस एका विशिष्ट कोनात धरलं तरच नीट दिसत होतं. हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तिथेच माझ्या जिवात जीव आला.

बिलाचा कागद मी घाबरतच काढला. तुम्ही तो उजेडात धरलात, "या कागदांचं हे असंच होतं" म्हणालात आणि बाजूला ठेवलात. परत माझ्याकडे सरकवला नाहीत. लॅपटॉप पालथा केलात तर मागच्या स्टिकरवरचा नंबर घासून गेलेला. मला वाटलं, संपलं सगळं. तुम्ही उठून दुसरा मॉनिटर आणलात, त्याची केबल माझ्या लॅपटॉपला जोडलीत, सुरू करताना एक बटण दाबून धरलंत, आणि माझ्या लॅपटॉपचं चित्र त्या मॉनिटरवर दिसू लागलं. बायॉसच्या, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या, पहिल्याच पानावर सीरियल नंबर होता, कारण कंपनी तो नुसता स्टिकरवर छापत नाही, मदरबोर्डमध्येही, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डात, नोंदवते. (हे इतरही वाचतील म्हणून लिहून ठेवते: तुमचं स्टिकर पुसलं असेल तर बायॉसमध्ये नंबर बघायला सांगा.) एकेक अक्षर तुम्ही पेनाच्या टोकाने दाखवत मोठ्याने वाचलंत, "हा आठ आहे की बी?" म्हणून मलाही बघायला लावलंत, आणि मगच तुमच्या कॉम्प्युटरवर टाइप केलंत.

यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. तुम्ही तुमची स्क्रीन माझ्याकडे फिरवलीत.

तुमच्या दृष्टीने ते काहीच नसेल. मला मात्र तेव्हा काय वाटलं ते सांगता येणं कठीण आहे. तोवरच्या प्रत्येक काउंटरवर स्क्रीनची पाठ माझ्याकडे असायची. पलीकडचा माणूस काहीतरी टाइप करायचा, मान हलवायचा, "सिस्टीम घेत नाही" म्हणायचा, आणि सिस्टीम म्हणजे काय, तिला काय हवंय, ती माझं का घेत नाही, हे कळायला मला कुठलीच वाट नव्हती. तुम्ही ती फिरवलीत आणि म्हणालात, "तुम्हीच वाचा." माझ्याच लॅपटॉपचं मॉडेल, तो कारखान्यातून निघाल्याची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख. संपायला अजून अवकाश होता. बिल नसेल तर कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, त्यात तुमचे थोडे दिवस कमी होतील, चालेल ना, असंही तुम्ही विचारलंत. चालेल ना! मला त्या क्षणी रडू येत होतं.

म्हणजे ही नोंद पहिल्या दिवसापासून कंपनीकडे होती. मला हेलपाटे घालायला लावणाऱ्या प्रत्येकाला ती एका मिनिटात दिसली असती. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. बघायचं नव्हतं, एवढंच. "बिल नाही" म्हणणं सोपं, ते म्हटलं की काम संपतं आणि पुढचा माणूस येतो.

पुष्कळदा वाटतं, आपण ज्याला माणुसकी म्हणतो ती मोठ्या त्यागाबिगात फारशी नसते. तुम्ही नियम मोडला नाहीत, माझ्यावर उपकार म्हणून पदरचं काही दिलं नाहीत. जे माझ्या हक्काचं होतं ते मला मिळतंय का हे पाहण्याची तसदी घेतलीत, समोरची बाई खरं बोलत असेल असं आधी मानलंत आणि मग तपासलंत. असं वागणारं एक माणूस दाराशी बसलेलं असलं की आत येणाऱ्या किती जणांचा दिवस बदलत असेल. बँकेत, दवाखान्यात, कचेरीत, कुठेही. आणि अशा माणसांचं नाव कुणी वर कळवत नाही. तक्रारी तेवढ्या सगळे कळवतात.

एक गोष्ट अजून. मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते, आणि एका पुस्तकाची अर्धी पानं त्या लॅपटॉपमध्ये होती. मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात की वॉरंटी मशीनची असते, आतल्या फायलींची नसते, तेव्हा आधी डिस्क सांभाळू. जॉबशीटवर तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलंत, "ग्राहकाला विचारल्याशिवाय डिस्क पुसू नये", आणि तीच चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावरही चिकटवलीत. पुढे बिघाड निघाला बिजागरीतून जाणाऱ्या स्क्रीनच्या केबलचा. झाकण उघड-मीट होताना ती दुमडून आतून तुटली होती. पाण्याचा कुठे मागमूस नाही. केबल बदलली, पानं जशीच्या तशी मिळाली.

दुरुस्तीनंतर आलेल्या फॉर्मवर मी ५ पैकी ५ चांदण्या दिल्या, पण स्क्रीन फिरवल्याचं लिहायला त्यात जागाच नव्हती. म्हणून तुमच्या वरिष्ठांना वेगळं पत्र पाठवते आहे, तुमच्या नावानिशी. त्यात मी एक विनंतीही करणार आहे: बिल नाही म्हणून कुणाला परत पाठवण्याआधी नंबर टाकून बघायचा, असं सगळ्या काउंटरना लेखी सांगा. आणि आत बसून ती केबल बदलणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला मी पाहिलंही नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि पाळली. त्यांना माझा नमस्कार सांगाल ना?

तुमची कृतज्ञ,
एक ग्राहक